लाभ आणि दोनच्या मधे

१

बोरी अरबच्या पुढे, दारव्ह्याच्या वाटेला एक जिनिंग होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना. त्या वर्षी एप्रिल निम्मा सरला तरी तिथल्या आवारात कापसाच्या गंज्या तशाच उभ्या होत्या. भाव असा काही बसला होता की शेठजी रोज सकाळी आभाळाकडे पाहून म्हणायचे, "आठ दिवस थांबू." ते आठ दिवस फेब्रुवारीपासून चालले होते. दाबून ठेवलेला कापूस आतून तापतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. मार्चमध्ये एक गंजी पोटातून धुमसली आणि वर काम करणाऱ्या संगीताच्या पायाचा तळवा भाजला, तेव्हा कुठे शेठजींना जाग आली. मग यवतमाळहून स्वानंदला बोलावणं गेलं.

स्वानंदच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या आणि मास्तरकीतल्या. यंत्रात बोटं घालणारा हा पहिलाच. त्याचं काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक गंजीत तापमान मोजणारी एक लांब सळई खुपसायची, तिची तार ऑफिसच्या मागल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत आणायची आणि गंजी तापली की भोंगा वाजेल असा प्रोग्राम करायचा. प्रोग्रामही चित्रातला. पडद्यावर रंगीत डबे मांडायचे, डब्याला डबा तारेनं जोडायचा, झालं! "चार दिवसांचं काम आहे," असं तो बायकोला सांगून निघाला होता.

पहिल्या दिवशी तो वही घेऊन आवारात उभा राहिला. बायांची मुकादम लालीबाई त्याला गंज्या दाखवत होती. ती पलीकडच्या तांड्यावरची, पन्नाशीची, अंगानं काटकुळी आणि आवाजानं खणखणीत. बोट नाचवत ती म्हणाली, "हे पाहा साहेब. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा."

स्वानंदनं लिहून घेतलं. आता गंमत अशी, की प्रोग्रामवाल्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शहरात वाढलेल्या माणसाला मापाची मोजणी माहीत नसते. माप घालताना, वजन करताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे स्वानंदच्या आजोबांना माहीत असणार. स्वानंदला वाटलं, लाभ ही कुठलीतरी खास गंजी, देवाची वगैरे. त्यानं शून्याच्या जागी लाभ लिहिलं, पुढे एक, दोन, तीन असे सहापर्यंत डबे मांडले आणि नावं देऊन टाकली.

तारा जोडायला बसला तेव्हा सळया सहा आणि डबे सात! एकचा डबा रिकामा. आपलीच फजिती पाहून तो एकटाच हसला. एवढंच ना, तो डबा पुसून टाकायचा.

२

डबा पुसला गेला. फाइल मात्र जतन होईना.

पडद्यावर चौकट आली. तिच्यातल्या इंग्रजीचा सरळ अर्थ असा, की ही फाइल दुसरं कोणीतरी वापरत आहे, म्हणून जतन करता येत नाही. स्वानंदनं खोलीत पाहिलं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीला कॅलेंडर आणि सगळ्यावर रुईची पांढरी लव. दुसरं कोण वापरणार, डोंबल?

असल्या दुखण्यांची औषधं त्याला पाठ होती. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. फाइलवर कुलूप आहे का ते पाहिलं, डिस्कवर जागा आहे का ते पाहिलं. फाइलचं नाव मराठीत दिलं होतं म्हणून रुसली असेल, असं समजून इंग्रजी नाव दिलं. मग नवं फोल्डर, नवं नाव. तीच चौकट. या ठिकाणी मात्र त्याचं डोकं जरा चक्रावलं, कारण जी फाइल अजून तयारच झाली नाही, ती दुसरं कोणी वापरत कसं असेल?

बाराच्या ठोक्याला लोडशेडिंग. चार वाजेपर्यंत वीज नाही आणि बॅटरी टिकायची दहा मिनिटं. जतन न झालेलं काम जायचं. त्यानं घाईघाईनं पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावर जतन केलं. तिथे मात्र गेलं! "हुश्श," तो मोठ्यानं म्हणाला आणि डबा खायला बसला.

चारला वीज आली. पेनड्राइव्हवरची फाइल उघडली तर डबे सात. लाभ, एक, दोन. एकचा डबा जिथल्या तिथे, आणि त्याच्या खिडकीत आकडा दिसत होता, छत्तीस पॉइंट नऊ.

"जुनी कॉपी उघडली वाटतं," तो म्हणाला. पेनड्राइव्हवर दुसरी कॉपी नव्हती, हे त्याला बोलता बोलताच दिसत होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं एकचा डबा न पुसताच जतन करून पाहिलं. पहिल्या फटक्यात झालं. पुसला की चौकट, ठेवला की जतन. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच.

आता कोणी म्हणेल, मग राहू द्यावा की तो डबा, खातो काय? पण रिकामा डबा म्हणजे उघडं दार. उद्या त्यात भलताच आकडा आला तर भोंगा उगाच वाजणार आणि बाया गंजीवरून पळत सुटणार. गंजी म्हणजे काय जिना आहे? म्हणून स्वानंदला तो डबा नको होता. त्याचा हट्ट वाजवी होता, हे आधी सांगून ठेवतो.

आकड्याचं कारण त्याला माहीत होतं. ज्या जागी तार नाही, तिथे आकडे नुसते नाचतात किंवा ती जागा शेजारच्या तारेचा आकडा उचलते, हे शिकलेलं होतं. पण शेजारी लाभ एकेचाळीसवर होती, दोन चव्वेचाळीसवर. मग त्यानं तारा जोडायच्या पट्टीवरच्या रिकाम्या जागेचे दोन्ही स्क्रू तारेच्या तुकड्यानं जोडून टाकले. असं केलं की ती जागा खोलीचं तापमान दाखवते. खोलीत त्रेचाळीस अंश होते, अंगातून नुसत्या धारा लागल्या होत्या. एकच्या डब्यात छत्तीस पॉइंट नऊ. त्यानं तारेचा तुकडा काढला, परत लावला, उलटा लावला, शेवटी काढून टाकला. आकडा हलेना.

तेवढ्यात दारातून लालीबाई डोकावली. रोजचा तिचा एकच प्रश्न. "भोंगा कवा वाजन साहेब?"

"होईल, होईल."

"सोमवारी गाडी येऊन राह्यली, कापूस उपसाले चढा लागते. माह्या सुनेचा पाय आत्ता कुठं सुकला. थे दोनवर असते. भोंगा नसला त मी तिले चढू देत नाई, सांगून ठेवतो." संगीता तिच्या मुलाची, बादलची बायको. चांगली दांडगी पोर होती, पण लालीबाई तिला कोंबडीच्या पिलासारखी पंखाखाली घेऊन फिरायची.

बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली. चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षरं लावता यायची. लाभ. मग पुढचं अक्षर, आणि तिचा चेहरा पडला.

"एक काहून लिवलं?"

"चुकून लिहिलं हो, काढायचंच आहे."

"एक मनत नाई साहेब. लाभ मनाव."

"हो, कळलं मला. पण म्हटलं तर काय होतं?"

लालीबाईनं पदर डोक्यावर ओढला. "मले काय ठाऊक. माह्या याडीनं सांगितलं, एक मनू नोको. म्या कवा मनलंच नाई." आईला याडी म्हणणारी ही बाई उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, "काढून टाका बाप्पा थे. सोमवारच्या आधी."

संध्याकाळी बाया निघाल्या तेव्हा स्वानंद खिडकीशी उभा होता. फाटकापाशी लालीबाई रोज डोकी मोजायची. आधी आपल्या छातीवर हात ठेवायची, लाभ, आणि मग एकेकीच्या डोक्यावर हात, दोन, तीन, करत अकरापर्यंत. अकरा भरल्या की टेम्पो हलायचा.

४

तिसऱ्या दिवशी त्यानं प्रोग्राम पूर्ण काढून पुन्हा घातला. पुण्याच्या कंपनीत फोन केला. तिकडचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, "दुसऱ्या नावानं जतन करा." स्वानंदनं फोन आपटला. मग कोरं पान घेतलं, पहिल्यापासून सहाच डबे मांडले, नावंही बदलली, अ, ब, क. जतन करायला गेला आणि चौकट आली. दुसरं कोणीतरी वापरत आहे.

त्याला राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी वेगळंच होतं. मागल्या खोलीत एकट्यानं बसायचं म्हणजे त्याला नको वाटू लागलं होतं. उगाच मागे वळून बघायचा. मागे कॅलेंडर होतं.

दुपारी मॅनेजर वामनराव आले. साठीचे गृहस्थ, जुन्या वळणाचे, काखेत वर्तमानपत्र. जिल्ह्याच्या बातम्यांचं पान ते न उघडताच घडी घालून ठेवायचे. त्या दिवसांत त्यात रोज कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायची, बऱ्याच घरांत ते पान तसंच राहायचं.

"स्वानंदराव, शेठजींना तुमचे ते सेल्सियस का काय समजत नाही हो. आपल्या घरगुती तापाच्या आकड्यात दाखवता येईल?"

"फॅरेनहाइट? आत्ता करतो." एक बटण दाबायचं होतं. त्यानं दाबलं. लाभ एकशे सहा, दोन एकशे अकरा. वामनराव चष्मा वर करून एकेक वाचत होते, आणि मधेच थांबले.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," ते म्हणाले. "ही कोण?"

स्वानंदनं तीन दिवस छत्तीस पॉइंट नऊ पाहिलं होतं, पण आकडा असा ओळखीच्या कपड्यात आला नव्हता. लहानपणी आई काखेतून थर्मामीटर काढून उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, उतरला गं बाई ताप.

"कोण नाही, काका," तो शेवटी म्हणाला. "रिकामी जागा आहे ती."

"अहो, रिकामी कशी? ठणठणीत आहे ती," वामनराव आपल्याच विनोदावर हसले. हसणं अर्ध्यात राहिलं. वर्तमानपत्र टेबलावर विसरून ते निघून गेले.

५

सोमवारी सकाळी गाडी येऊन लागली. स्वानंदनं लालीबाईला सांगितलं, "भोंगा चालू आहे. चढू द्या." ते खोटं नव्हतं. एकचा डबा ठेवून फाइल जतन केलेली होती, भोंगा चालू होता, सहाच्या सहा गंज्यांवर पहारा होता. सातवा डबाही होता, एवढंच तो बोलला नाही.

"थे काढलं?" लालीबाईनं विचारलं.

"काढतोच आहे."

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तोंड फिरवून हाक मारली, "संगीता, चल वं!"

खिडकीतून गंज्या दिसत होत्या. उपसून उपसून लाभ आणि दोनच्या पायथ्याचा कापूस एकमेकांत मिसळला होता. वर बायांची लुगडी, खाली गाडी, हवेत रुई. संगीता दोनच्या माथ्यावर उभी राहून कापूस खाली लोटत होती आणि काहीतरी बोलून बाकीच्यांना हसवत होती.

बाराला दोन मिनिटं कमी. वीज जाण्याआधी एकदा करून पाहू, फक्त एकदा, असं त्याच्या मनानं घेतलं. लालीबाईला दिलेला शब्द होता, शेठजींसमोर सात डबे दाखवायचे कसे हाही प्रश्न होता. पण खरं सांगायचं तर त्याला तो आकडा डोळ्यांसमोर नको होता. त्यानं एकचा डबा निवडला आणि पुसला. जतनचं बटण दाबलं.

चौकट आली नाही. भोंगा वाजला.

सहाही डब्यांत काही वावगं नव्हतं. लाल दिवा लागला होता तो मोकळ्या जागेत, लाभ आणि दोनच्या मधे, जिथून त्यानं आत्ताच डबा पुसला होता. भोंगा असा कळवळून वाजत होता की कानठळ्या बसल्या. तो धावत बाहेर आला आणि ओरडू लागला, "काही नाही! उतरू नका! सावकाश!" कोण ऐकतंय? बाया घसरत, पदर सांभाळत, एकमेकींना ओढत खाली येत होत्या. दोनची एक अख्खी कड सुटली आणि खाली बसली. तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

मग वीज गेली आणि भोंगा थांबला.

६

लालीबाई मोजत होती. लाभ, दोन, तीन. दहावर हात थांबला. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा दहा.

"संगीता!" ती अशी ओरडली की गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला.

वामनराव दोनच्या समोरचा ढीग दाखवून सांगत होते, इथे खणा, इथे, इथेच उभी होती. सगळे तिकडे तुटून पडले. कापसात खणणं म्हणजे पाण्यात खणण्यासारखं, जितका काढावा तितका वरून येतो. पाच मिनिटं, सात मिनिटं. कापसात दबलेलं माणूस किती वेळ तगतं हे सगळ्यांना माहीत होतं.

स्वानंद खोलीत पळाला. बॅटरीवर पडदा अजून जिवंत होता. पुसलेला डबा आपल्या जागी परत आला होता. लाभ, एक, दोन. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

तो परत धावला. "मधे!" त्याचा घसा फाटला. "लाभच्या आणि दोनच्या मधे खणा! मधे!"

"काहून? तिकडे कशी जाईल ती?" वामनराव.

"काका, खणा हो!"

लालीबाईनं प्रश्न विचारला नाही. ती आधीच तिथे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उपसत होती. बाकीचे आले. एकूण वीस मिनिटं गेली असतील, तेव्हा आधी बांगडी लागली आणि मग हात. ओढून काढलं तेव्हा संगीताचे डोळे उघडे होते. नाकातोंडात रुई, पण श्वास चालू. थंड पाणी तोंडावर मारलं तशी ती खोकली आणि रडू लागली. लालीबाईनं तिला छातीशी धरलं आणि तीही मोठ्यानं रडली, बाया रडल्या, वामनरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. आपल्या हातून एक जीव जाता जाता राहिला, एवढंच स्वानंदला कळत होतं.

"दम कसा नाई कोंडला वं तुहा?" कोणीतरी विचारलं.

"जागा होती," संगीता हुंदके देत म्हणाली. "मांगं कोनीतरी होतं ना. पाठीले पाठ लावून. मले वाटलं तुमच्यातलीच कोनी दबली."

स्वानंदनं खड्ड्यात पाहिलं. कापूस अजून ढासळला नव्हता. आत पोकळी होती, आणि ती एका माणसापेक्षा मोठी होती.

लालीबाईचं लक्ष तिकडे नव्हतं. तिला आता सगळ्या बाया डोळ्यांसमोर हव्या होत्या. आनंदानं बावरून तिनं आधी सुनेच्याच डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "एक."

बोलून गेली आणि तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारला. पुढचा आकडा कोणीच म्हटला नाही.

७

चारला वीज आली. डॉक्टर येऊन संगीताला तपासून गेले होते, पोर धडधाकट आहे म्हणाले. बायांना न्यायला टेम्पो फाटकात लागला होता. स्वानंदनं कॉम्प्युटर सुरू केला आणि फाइल उघडली.

डबे सात. एकच्या खिडकीत आकडे नुसते नाचत होते. दोनशे बारा, शून्य, सत्तावन्न, पुन्हा शून्य. तार नसलेल्या जागेत नाचतात तसे. चार दिवसांत पहिल्यांदाच ती जागा शहाण्यासारखी वागत होती. त्यानं सवयीनं डबा पुसला, सवयीनं जतन केलं.

चौकट आली नाही. फाइल जतन झाली.

त्यानं बंद करून पुन्हा उघडली. डबे सहा. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा.

वामनराव दारात आले. "काय, झालं का एकदाचं?"

"झालं," स्वानंद म्हणाला.

"वा! म्हणजे आता कोणी वापरत नाही ना तुमची ती फाइल?"

स्वानंदनं खिडकीकडे पाहिलं. टेम्पोत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. लालीबाई ड्रायव्हरजवळ पाठ करून बसली होती, आज तिनं मोजलं नव्हतं. मागच्या फळीवर संगीता एकटीच होती. फळीवर तिघींची जागा, पण ती अगदी कडेला सरकून बसली होती, शेजारी कोणाला नीट बसता यावं म्हणून सरकतो तशी. उन्हानं तापलेल्या फळीवर शेजारच्या जागेकडे कलून ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मग ऐकल्यासारखी मान हलवली.

टेम्पो हलला.

स्वानंद कॉम्प्युटरकडे धावला. त्यानं नवा डबा आणला, लाभ आणि दोनच्या मधे मांडला, त्यावर एक असं लिहिलं. खिडकीत आकडे नाचत राहिले. "ये," तो पुटपुटला. "परत ये, इथे ये." त्यानं तो डबा पुसला, जतनचं बटण दाबलं, आणि ज्या चौकटीला चार दिवस शिव्या घातल्या होत्या तिची हात जोडून वाट पाहू लागला.

फाइल जतन झाली. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा झाली.